वाचकांचे प्रश्न : प्रोसेसर बदलला तर व्हिडिओ लवकर कन्व्हर्ट होईल का?

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचे १०८०पी, ५० फ्रेमचे व्हिडिओ हँडब्रेक या कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमध्ये एच.२६५ (फाइल लहान ठेवणारा प्रकार) करून गिऱ्हाइकाला देतो. रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तासाभराच्या व्हिडिओला साडेतीन तास लागतात. बोर्ड तोच ठेवून रायझन ७ ५७००एक्स बसवावा का? (अकोला)

उत्तर : प्रोसेसर बदला, पण ५७००एक्स नको. त्यात ग्राफिक्सच नाही. तुमचा मॉनिटर सध्या २२००जीच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतो. ५७००एक्स बसवलात तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी राहील. ५७००जी घ्या. कोर तेवढेच ८, थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) १६, ६५ वॉट, ग्राफिक्स आत आणि डब्यात कूलरही. एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी असल्याने तो थोडा मागे पडतो, पण कार्डाचा खर्च वाचतो.

पैसे मोजण्याआधी दोन मिनिटांची क्लिप कन्व्हर्टला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू १०० टक्क्यांवर असेल तरच अडचण प्रोसेसरची. सीपीयू निम्म्यावर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्क अडवते आहे. तिथे एसएसडी लागेल, प्रोसेसर नव्हे. फिल्टर्सही तपासा. एनएलमीन्स हा डिनॉइज फिल्टर चुकून चालू राहिला तर वेग धाडकन पडतो. शेवटी हँडब्रेकच्या लॉगमधला (कामाच्या नोंदीतला) सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम झाल्या तो आकडा, टिपून ठेवा. तासाभराच्या ५० फ्रेमच्या व्हिडिओत १,८०,००० फ्रेम असतात, म्हणजे तुमचा आजचा वेग सेकंदाला साधारण १४ फ्रेम. २२००जीच्या ४ थ्रेडवरून १६ वर गेल्यावर तो तिप्पट किंवा जरा जास्त होईल, असे धरून चाला.

एक फुकटचा उपाय आधी करून बघा. हँडब्रेकच्या एन्कोडर यादीत एएमडीचा (रायझन बनवणाऱ्या कंपनीचा) व्हीसीई पर्याय दिसत असेल, तर २२००जीमधले वेगळे सर्किट हेच काम कितीतरी लवकर करते. फाइल मात्र तेवढ्याच दर्जाला मोठी होते आणि मंडपातल्या कमी उजेडाच्या दृश्यांत चौकोन दिसू शकतात. गिऱ्हाइकाला फाइलच्या आकाराची पर्वा नसेल तर नवा प्रोसेसर घेण्याची गरजही उरत नाही.

५७००जी घ्यायचेच ठरले तर बायोस (बोर्डातले मशीन सुरू करणारे सॉफ्टवेअर) नवे करण्याचे काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरका. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५७००जीपुढे कोणते बायोस व्हर्जन लिहिले आहे ते बघा. काही बोर्डांना मधले एखादे व्हर्जन आधी टाकावे लागते, तेव्हा सूचना पूर्ण वाचा. फाइल फॅट३२ पेन ड्राइव्हवर घ्या आणि यूपीएस असल्याशिवाय हात घालू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड मरतो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. नवा प्रोसेसर बसवल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, कुलपाच्या किल्ल्या ठेवणारी सोय) रीसेट करायचा का असे मशीन विचारते. होय म्हटल्यावर ती की लागते.

सगळ्यात जास्त नुकसान कूलर काढताना होते. एएम४ (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटचा प्रकार) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि सुकलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून बंद सॉकेटमधूनही उपटून येतो. पिना वाकतात त्या इथेच. म्हणून दहा मिनिटे कन्व्हर्जन चालवून पेस्ट गरम करा. मग मशीन बंद करून वायर काढा, कॅबिनेट आडवे ठेवा, चारही स्क्रू आळीपाळीने सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सुटा करा. सरळ वर ओढू नका. कॅबिनेट आडवे यासाठी की स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटून खाली पडते. लिव्हर उभी करा, सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. प्रोसेसर आपल्या वजनाने बसला पाहिजे. बसला नाही तर दाबू नका, पिना तपासा. नव्या कूलरला पेस्ट लावलेली असतेच, वरून आणखी थापू नका.

पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही वेळ काळी राहून मशीन एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होऊ शकते. रॅम जुळवणे चालू असते. घाईने बटण दाबू नका. त्याच वेळी ८ जीबीची दुसरी रॅम टाकाच. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी.

यापुढे जाऊन १६ कोरचा मोह नको. एक्स२६५, म्हणजे हँडब्रेकमधला प्रोसेसरवर चालणारा एच.२६५ एन्कोडर, चित्राच्या ६४ पिक्सेल उंचीच्या ओळी पाडतो आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या थोडी मागून चालते. १०८०पीमध्ये अशा १७च ओळी, त्यामुळे जास्तीचे कोर बराच वेळ बसून राहतात.

प्रश्न : आय५ ८२५०यूच्या लॅपटॉपमध्ये आय७ बसेल का? (सांगली)

उत्तर : नाही. तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो. त्याऐवजी हँडब्रेकमध्ये इंटेलचा क्विक सिंक (चिपमधल्या वेगळ्या सर्किटवर कन्व्हर्ट करणारा पर्याय) निवडा. तुमच्या चिपला एच.२६५ येते.

प्रश्न : एमकेव्हीचे एमपी४ करायला अर्धा दिवस जातो. नवा प्रोसेसर घेऊ का? (पणजी)

उत्तर : आतला व्हिडिओ एच.२६४ आणि आवाज एएसी असेल तर पुन्हा एन्कोड करायचे कारणच नाही, फक्त डबा, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज ज्यात भरलेले असतात तो फाइलचा प्रकार, बदलायचा आहे. लॉसलेसकट या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, आउटपुट एमपी४ निवडा, एक्स्पोर्ट करा. काही मिनिटांत होते, दर्जाही तोच राहतो.