बोटीच्या इंजिनावर मुलाचं पोट भरेल का?

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालाय. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी होते, त्यामुळे बोटीच्या इंजिनाची त्याला लहानपणापासून ओढ. एक एजंट म्हणतो, तीन लाख भरा, मोठ्या जहाजावर लावतो. त्यासाठी सोनं मोडावं लागेल. पैसे भरावेत, की त्याने जेटीवरच काम शिकावं?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, सोनं मोडू नका. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटाला डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाजांचा कारभार बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा, परवाना लागतो. परवानेधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, त्यात त्याचं नाव बघा. आणि परवाना असला तरी नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला कायद्याने मनाई आहे. माझ्या भाच्याने असेच पैसे भरले होते. चार महिने एका जुनाट बार्जवर बिनपगारी राबून पोर घरी आलं. त्याच्या आईच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात एकतीस वर्षं इंजिनं खोलतोय. या कामात पोट भरतं, पण शिकायला वेळ द्यावा लागतो. ट्रकचं इंजिन येणाऱ्याला बोटीचं अर्धंच येतं. उरलेलं अर्धं खाऱ्या पाण्याचं. मागे एक तांडेल (बोटीचा कप्तान) आला, इंजिन तापतंय म्हणाला. समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारा पंप असतो. दुसऱ्या मेकॅनिकने त्याचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चक्र, बदलून दिला होता, तरी तापतच होतं. मी जुना इम्पेलर मागितला. त्याला रबराची बारा पाती होती, त्यातली तीन गायब. ती गेली कुठे? कूलर खोलला तर नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसलेली. इम्पेलर सगळेच बदलतात. तुटलेली पाती मोजून शोधतो, त्याला गिऱ्हाईक हर्णैहूनही फोन करतं.

शाफ्टचंही, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याचंही, तसंच. बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना इंजिन आणि शाफ्ट जुळवले, तरी पाण्यात उतरल्यावर बोटीचा सांगाडा थोडा हलतो. कपलिंगमध्ये, म्हणजे दोघांच्या जोडात, पुन्हा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघावंच लागतं. कंटाळा केला, तर महिन्याभरात गिअरबॉक्स बोलायला लागतो.

आता अडचणींचं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. या 61 दिवसांत सगळ्यांनाच बोट तयार हवी असते. पावसात, चिखलात, ताडपत्रीखाली रात्री दोनपर्यंत काम चालतं. पैसे मात्र बोट दर्यात जाऊन मासळी आल्यावर. एका मालकाने माझे चाळीस हजार दोन हंगाम लटकवले, शेवटी निम्मेच हाती आले. म्हणून मुलाला पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही घालायला सांगा, आणि स्पेअर पार्टचे पैसे आगाऊ घ्यायला. पार्ट आपल्या खिशातून आणले की मेकॅनिक बुडतो. आणखी एक, मासळीच्या बंद खणात एकट्याने कधीही उतरायचं नाही. कुजक्या मासळीच्या वायूने माणूस जागेवर पडतो, आणि त्याला काढायला गेलेलाही.

जहाजाचीच हौस असेल तर सरळ रस्ते आहेत. कोचीच्या सिफनेटमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या मासेमारी प्रशिक्षण संस्थेत, दोन वर्षांचा मरीन फिटरचा कोर्स आहे, दहावीनंतरचा. त्यावर समुद्रातला अनुभव जोडून मासेमारी जहाजाच्या इंजिन ड्रायव्हरची परीक्षा देता येते. व्यापारी जहाजांसाठी जीपी रेटिंग हा खलाशांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. तिथे फी भरावी लागते, पण संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते डीजी शिपिंगच्या यादीत तपासा. माझगाव डॉक आणि नेव्हल डॉकयार्ड आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस घेतात. स्टायपेंड मिळतो, घरचे पैसे जात नाहीत. माझं मत विचाराल तर आधी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि अर्ज भरा.

तोवर जेटी आहेच. तुमच्याकडच्या बंदरात ज्याच्याकडे तांडेल स्वतःहून जातात असा मेकॅनिक शोधा आणि मुलाला मेअखेरीस त्याच्याकडे पाठवा. बोटी वर ओढायला लागतात तेव्हा त्यालाही हाताखाली माणूस हवाच असतो. जाताना मुलाकडे स्वतःचा पान्ह्यांचा सेट आणि फीलर गेज असू द्या.