लॅब्रॅडॉरची जोडी जमवण्याआधी

प्रिय,

तुझ्या मादीसाठी नर ठरला आणि दोघांचे 'पेपर' चांगले आहेत, असं लिहिलंस. पेपर म्हणजे वंशावळ. आजोबा-पणजोबा कोण, त्यात चॅम्पियन किती, हे तिथं कळतं. घराण्यात कुठला दोष दडून चाललाय, ते कळत नाही. मादी हीटवर (माजावर) यायच्या आत दोघांची जनुकीय चाचणी करून घे. हीट दिसल्यावर मेटिंगला जेमतेम दहा-बारा दिवस उरतात आणि रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. मग 'या खेपेला चाचणी राहू दे' असं होतं.

लॅब्रॅडॉरमध्ये आधी दोन चाचण्या बघ: पीआरसीडी-पीआरए (पीआरए या डोळ्याच्या आजाराचा एक प्रकार) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर कोसळण्याचा आजार). पहिल्या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. तिन्हीसांजेला जिना उतरताना कुत्रा अडखळू लागतो, पुढे पूर्ण आंधळा होतो. पण हे बहुधा तीन वर्षांचा झाल्यावर दिसायला लागतं. दोन वर्षांच्या नराचे डोळे तपासून डॉक्टर 'उत्तम' म्हणतील, ते खोटंही नसेल, आणि तरी आजार उमगेपर्यंत त्याची पिल्लं घरोघर गेलेली असतील.

ईआयसीमध्ये पाच ते वीस मिनिटं जीव तोडून पळाल्यावर मागचे पाय लटपटतात, फरफटतात, कधी कुत्रा कोसळतो. बहुतेक वेळा शुद्ध असते, अंग मात्र तापलेलं असतं. साधारण अर्ध्या तासात तो उठतो, क्वचित दगावतो. आपल्या उन्हाळ्यात हे 'ऊन लागलं' म्हणून सहज खपून जातं. शिवाय फ्लॅटमधला सोफ्यावरचा लॅब तेवढा पळतो कधी? दोष असूनही तो ठणठणीत दिसतो.

दोन्ही दोष अप्रभावी आहेत. जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते. दोन्ही सदोष असल्या तरच आजाराचा धोका. रिपोर्टवर क्लिअर (एकही प्रत सदोष नाही), कॅरिअर (एक सदोष) किंवा अफेक्टेड (दोन्ही सदोष) असं येतं. कॅरिअर स्वतः आजारी पडत नाही. त्याची जोडी क्लिअरशी लावलीस तर त्या दोषाने एकही पिल्लू आजारी होणार नाही. सरासरी निम्मी पिल्लं कॅरिअर निघतील. कॅरिअरला कॅरिअर लावलास तर प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका. इथे 'आठ पिल्लांत दोनच' असा हिशेब मांडू नकोस. कधी आठात चारही निघतील, कधी एकही निघणार नाही.

म्हणून तुझी मादी कॅरिअर आली तर तिला बाद करू नकोस. क्लिअर नर शोध, पिल्लांची चाचणी कर आणि पुढच्या पिढीसाठी त्यातलं क्लिअर ठेव. सगळे कॅरिअर काढून जो तो एकाच क्लिअर नराकडे धावला, तर काही वर्षांत शहरभरची पिल्लं सावत्र भावंडं होतात आणि त्या नराचा दुसराच, अजून चाचणीही नसलेला दोष सगळीकडे पसरतो. डाल्मेशियन या कुत्र्यांच्या जातीत युरिक ॲसिडचा दोष इतका मुरला होता की बिनदोष कुत्राच उरला नव्हता. शेवटी १९७३ मध्ये अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांना पॉइंटर या दुसऱ्या जातीशी संकर करून चांगलं जनुक परत आणावं लागलं.

चाचणीसाठी तोंडातून ब्रशने नमुना घेताना घाई नको. खाल्ल्यावर तासभर थांब. दूध पिणारी पिल्लं तर आधी तासभर आईपासून वेगळी ठेव, कारण दुधातून आईच्या पेशी पिल्लाच्या तोंडात येतात आणि रिपोर्टमध्ये आईच डोकावते. ब्रश गाल आणि हिरडीच्या मध्ये टेकवून वीस-तीस सेकंद फिरव. लाळ नको, गालाच्या पेशी हव्यात. दोन कुत्र्यांच्या मध्ये हात धू. नाव आधी लिही, मग ब्रश उघड. सुटा ब्रश असेल तर वाळवून कागदी पाकिटात घाल. पावसाळ्यात ओला ब्रश प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी येते. हे जमत नसेल तर डॉक्टरांकडून जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत दोन मिली रक्त काढून घे.

खुब्याचा दोष या चाचणीत सापडत नाही. तो अनेक जनुकांचा, शिवाय वजन-खाण्याचाही खेळ. त्याला एक्स-रेच लागतो. आणि 'पीआरए क्लिअर' म्हणजे तपासलेला तेवढाच प्रकार क्लिअर. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये असे निदान तीन वेगळे प्रकार आहेत.

नराचा मालक रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवेल. त्यावर नराच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर असायला हवा. नराला समोर उभा करून स्कॅनर फिरव आणि आकडे एकेक जुळव. नुसतं 'आई-बाप क्लिअर, म्हणून हाही क्लिअर' असं असेल, तर ते किती पिढ्यांपूर्वीच्या चाचणीवरून ते विचार. दोनाहून जास्त पिढ्या झाल्या असतील तर नवा स्वॅब माग, खर्च तू दे.