बी.ए. इतिहासाला प्रवेश घेतलास, आता पहिल्या वर्षातच एवढं कर

इतिहास निवडलास, उत्तम केलंस. 'पुढे काय करणार?' असं घरीदारी सगळे विचारत राहतील. त्यांना पटवत बसू नकोस, हाताला काम शिकव.

पहिल्या सुट्टीतच मोडी लिपी, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रं जिच्यात लिहीत ती लिपी, शिकायला घे. अक्षरं लवकर ओळखता येतात, पण जुनं हस्ताक्षर वाचायला सराव लागतो. लेखणी न उचलता ओळच्या ओळ लिहिलेली असते, शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या सरकारी संग्रहात, असे असंख्य कागद आहेत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. जमिनीच्या जुन्या कागदांसाठीही लोक त्यांच्याकडे येतात. हे कौशल्य मला फार मोलाचं वाटतं.

उत्खननाची ओढ असेल तर पदवीनंतर डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचं एम.ए. करता येतं. सामाजिक कामाकडे कल असेल तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. प्रवेश परीक्षेची तयारी मात्र तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच धर.

यूपीएससीला कोणतीही पदवी चालते आणि इतिहास हा वैकल्पिक विषयही घेता येतो. जरूर दे, पण सगळी वर्षं तिच्यावरच लावू नकोस. सोबत भाषांतर, संपादन, संग्रहालयातलं काम चालू ठेव. दर महिन्याला एक लेख लिहून प्राध्यापकांकडून तपासून घे.