वेतोबा, वेताळ आणि भाच्याचे अकरा हजार

प्रश्न : माझा भाचा (वय २६) नोकरीच्या शोधात आहे. मोबाइलवर कुणा ‘गुरुजीं’ना बघून त्याने ‘वेताळ सिद्धी’ची दीक्षा घेतली. ११,००० रुपये भरले. रात्री बाराला दिवा लावून जप करायचा, वेताळ प्रसन्न झाला की सांगाल ते काम करतो, म्हणे. हा मध्येच सोडतो म्हणाला तर निरोप आला : ‘अर्धवट सोडलंस तर वेताळ उलटेल, शांतीचे पैसे वेगळे पाठव.’ आता तो रात्रभर जागा असतो. आमचं मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीच्या वेतोबाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानतो. तो वेताळ आणि हा वेताळ एकच का? आणि खरंच उलटतो का?
— एक मावशी, ठाणे

उत्तर : मावशी, शेवटच्याचं उत्तर आधी देतो. उलटत नाही. एक रुपयाही आणखी पाठवू नका आणि जप आजच थांबवायला सांगा. बाकीचं आता निवांत बोलू.

माझी हयात संस्कृत शिकवण्यात गेली, तेव्हा या गुरुजींची परीक्षा मी पोथीवरूनच घेणार. वेताळसाधना काही त्यांनी शोधून काढलेली नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त ती अगदी डोळ्यांपुढे उभी केली आहे. भैरवाचार्य नावाचा शैव साधक. महास्मशानात मंत्राचा एक कोटी जप त्याने आधीच उरकलेला. मग कृष्ण चतुर्दशीची रात्र, उताणं ठेवलेलं प्रेत, त्याला रक्तचंदनाची उटी आणि तांबड्या फुलांच्या माळा. साधक प्रेताच्या छातीवर बसतो, त्याच्या तोंडात अग्नी पेटवतो आणि त्यात काळ्या तिळांची आहुती देतो. चार दिशांना चौघे राखणीला, त्यातला एक खुद्द राजा पुष्यभूती. एवढा बंदोबस्त करूनही जमीन दुभंगून श्रीकंठ नाग वर येतो आणि राजाला त्याच्याशी झुंजावं लागतं!

आणि आपल्या गुरुजींकडे काय? दिवा आणि मोबाइल. प्रेत आणा असं मी अर्थातच म्हणत नाही. पण ज्या परंपरेच्या नावावर त्यांनी पैसे घेतले, तिच्याच हिशेबाने भाच्याच्या खोलीत वेताळ यायचं काही कारण नाही. आलाच नाही तो उलटेल कुठून?

यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती वेताळपंचविशी. भाच्याला ती नीट वाचायला द्या, लहान मुलांची संक्षिप्त नको. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती ‘कथासरित्सागरा’त घेतली, पण त्याचा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. वर्षानुवर्षं. एकदा माकडाच्या हाती ते फळ लागतं, फुटतं, आणि आतून रत्न पडतं. मग कुठे भिक्षू तोंड उघडतो : स्मशानात झाडावर प्रेत लटकतंय, तेवढं आणून द्या. आधी फुकट द्यायचं आणि माणूस मिंधा झाला की मागायचं. गुरुजींचे फुकटातले व्हिडिओ भाच्याने दीक्षेआधी किती दिवस पाहिले, विचारा त्याला.

त्या प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत राजाला गोष्टी सांगतो, कोडी घालतो, हे सगळ्यांना पाठ असतं. शेवट मात्र विसरतात. वेताळच राजाला सावध करतो की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग दंडवत घाल म्हणेल, तेव्हा ‘मला येत नाही, तुम्ही करून दाखवा’ म्हण. राजा तसंच करतो आणि वाकलेल्या भिक्षूचं मुंडकं उडवतो. म्हणजे कथेत भ्यायचं ते वेताळाला नव्हे, वेताळ वश करून देतो म्हणणाऱ्याला.

आता आपला वेतोबा. तो वेताळच, गोव्यात पैंगीण, लोलये, आमोणे इथे त्यालाच बेताळ म्हणतात. पण कोकणात कुणी त्याला ‘सिद्ध’ करायला जात नाही. त्याला गाऱ्हाणं घालतात, ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा. जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून आरवलीची माणसं घरबांधणीला फणस वापरत नाहीत. हा राखणदार अख्ख्या गावाचा. एकट्याची कामं करणारा गडी म्हणून त्याला कुणी बोलावत नाही, बोलावलं तर आमची म्हातारी माणसं शिव्या घालतील. भाच्याला खरंच भीती वाटत असेल तर आरवलीला न्या, गाऱ्हाणं घाला. त्याला पावती लागत नाही.

पण झोप उडाली आहे ती गाऱ्हाण्यावर सोडू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि निरोप पुसून टाकू नका, पैसे भरल्याचा पुरावाही जपा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत-पिशाच्चाची भीती घालणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी कोण ते विचारा, नुसती फसवणुकीची तक्रार लिहून घेऊन बोळवण करू देऊ नका.

प्रश्न : पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला जातो. तिथे पूर्वी अघोरी साधना चालत म्हणून हे नाव पडलं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ आहे, त्यावरून नाव. वेशीबाहेर, टेकडीवर वेताळाचं ठाणं असणं ही देशावरही नेहमीची गोष्ट. त्यासाठी अघोरी शोधायला नकोत. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातलं हे सर्वांत उंच ठिकाण. फिरायला जरूर जा. फक्त उन्हाळ्यात पाणी न्या, वर मिळत नाही.