विश्वासू की निष्ठावान?

प्रश्न असा आहे : ‘आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब म्हणाले, देवाशी असलेला आपला विश्वासूपणा तपासून बघा. माझ्या कानाला विश्वासू म्हणजे नोकर, नाहीतर कुत्रा. इथं निष्ठा म्हणायला नको का?’

कुत्र्याचं राहू द्या, नोकर मात्र तुम्हाला बरोबर ऐकू आला. ‘विश्वास ठेवणारा’ आणि ‘विश्वासू’ ही मराठीत समोरासमोरची माणसं आहेत. गुळाच्या अडतीवरचा दिवाणजी विश्वासू आहे म्हणजे तो कुणावर विश्वास ठेवतो असं नव्हे. मालक तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे टाकून खुशाल जोतिबाला जातो, म्हणून तो विश्वासू. बायबलच्या नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला ‘भल्या व विश्वासू दासा’ हा याच जातीचा. धनी परगावी गेलाय, पैसा त्याच्या हाती आहे आणि हिशेब पुढं कधीतरी व्हायचाय.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये मात्र ‘पिस्तिस’ या एकाच शब्दात विश्वास आणि विश्वासूपणा दोन्ही मावतात. मराठीत दर ठिकाणी निवड करावी लागते. गलतीकरांस पत्रात (५:२२) आत्म्याच्या फळांच्या यादीत तो ‘विश्वासूपणा’ होतो, तर करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१३:५) ‘विश्वास’. तुम्ही विश्वासात आहात की नाही याची स्वतःच परीक्षा करा, असं ही पत्रं लिहिणारा पौल तिथं सांगतो. पाळकसाहेबांनी परीक्षा करिंथकरांच्या पत्रातली घेतली आणि शब्द गलतीकरांच्या. मला तरी त्यात चूक दिसत नाही.

आता निष्ठा. मूळ छान आहे, ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. पण ‘निष्ठावंतांचा मेळावा’ म्हटलं की कोल्हापूरकर आधी विचारणार, कुठल्या गटाचा? थट्टा सोडली तरी एक अडचण उरते. निष्ठा मी स्वतः जाहीर करू शकतो. विश्वासू मला दुसऱ्यानं म्हणावं लागतं. ‘माझा देवावर विश्वास आहे का’ याला हो म्हणणं सोपं. ‘देवानं माझ्यावर विसंबावं असा मी आहे का’ म्हटलं की आठवडाभरातला गल्ला, दिलेले शब्द, घरातलं वागणं सगळं पुढ्यात येतं. ही धार निष्ठेला येत नाही.

खरं तर दोन्ही अर्थ धरणारा शब्द आपल्या गावाकडच्या बोलीत आहे : इमान. अरबीत ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा. मराठीत येता येता तो सचोटी झाला, आणि ‘बेइमान’ तर शिवी. हिब्रूतला विश्वासूपणाचा ‘एमुना’ आणि प्रार्थनेच्या शेवटचं ‘आमेन’ हे त्याच सेमिटिक धातूचे. म्हणजे देवाशी इमान राखणारा माणूस आमेनच्या भाऊबंदातलाच. उपासनेत हा शब्द फारसा का येत नाही याची मला हळहळ वाटते.

राहिलं तपासणं. परीक्षा म्हटलं की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. पौलाच्या त्याच वाक्यातलं ‘दोकिमाझो’ हे क्रियापद ग्रीकमध्ये धातू पारखण्यासाठीही वापरत. हुपरीचे चांदीवाले टंच काढतात, कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ कसोटीवर सोनं घासून कस बघतो, तसलं ते काम. म्हणून ‘विश्वासूपणाचा कस बघा’ म्हटलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

आणि लिहिताना ‘सू’ दीर्घच ठेवा, ‘विश्वासुपणा’ नको.