सेल आणि चुंबकाची मोटर: अर्धीच तार का खरवडायची?

आपल्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, चकतीचे चुंबक आणि तांब्याची तार घेऊन मोटर केली. सांगितल्याप्रमाणे तारेची दोन्ही टोके अर्धीच, म्हणजे एकाच बाजूने, खरवडली. तरीही कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, नुसती थरथरून थांबते, आणि मुळात अर्धीच का खरवडायची हेही कळत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपले हे दोन प्रश्न एकच आहेत.

माझ्या पहिल्या मोटरीची हीच गत झाली होती. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत कूलरच्या मोटरी जळू लागल्या की रिवाइंडिंगच्या दुकानांत उभे राहायला जागा नसते. अशाच एका दुकानातून मी २४ गेजची वाइंडिंगची तार (वीज अडवणाऱ्या वार्निशाचा लेप असलेली तांब्याची तार) वजनावर आणली, मार्कर पेनाभोवती १० वेढे दिले, दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढली, कॉइल टेबलावर आडवी ठेवली आणि ब्लेडने टोकांची वरची बाजू चकचकीत होईपर्यंत खरवडली. सगळे नीटनेटके दिसत होते आणि कॉइल मात्र हलेना. चूक होती ती ‘आडवी’ या एका शब्दात.

प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात असली की तिच्यावर बल येते आणि ते प्रवाहाची दिशा व क्षेत्राची दिशा या दोहोंना काटकोनात असते. (मायकेल फॅरडे यांनी १८२१ साली पाऱ्यात बुडालेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, ती याच बलामुळे.) आपल्या मोटरीत चुंबक कॉइलच्या खाली आहे, म्हणजे क्षेत्र साधारण उभे आहे. कॉइल उभी असताना तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूंतून प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी जातो, त्यामुळे एक बाजू पुढे आणि दुसरी मागे ढकलली जाते आणि कॉइल वळते. ती आडवी झाली की तेच बल तिला वळवत नाही, केवळ ताणते किंवा दाबते; आणि वेगामुळे ती आणखी पुढे गेलीच, तर आता हेच बल तिला मागे ओढू लागते. म्हणून दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर कॉइल झोपाळ्यासारखी मागेपुढे होऊन आडव्या स्थितीत स्थिरावते.

यावर उपाय एवढाच, की बल उलटे होणार असेल त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाहच बंद ठेवायचा. कॉइलची टोके सेलला जोडलेल्या पिनांवर टेकलेली असतात; खरवडलेली बाजू पिनेला टेकली की धक्का मिळतो, वार्निशाची बाजू टेकली की प्रवाह तुटतो आणि कॉइल स्वतःच्या जडत्वावर उरलेला अर्धा फेरा पुरा करते. मिक्सरच्या मोटरीत हे काम कॉम्युटेटर (कॉइलबरोबर फिरणारे, तुकड्यांचे तांब्याचे कडे) आणि त्याला टेकणारे कार्बन ब्रश करतात, तेही अधिक चांगले, कारण तिथे प्रवाह नुसता तुटत नाही तर उलटवला जातो. कूलरच्या पंख्याच्या मोटरीत मात्र ब्रश शोधू नका. ती इंडक्शन मोटर असते आणि तिचे तत्त्व निराळे आहे.

आता आपल्या कॉइलकडे येऊ. धक्का सर्वाधिक बसतो तो कॉइल उभी असताना, म्हणून प्रवाह सुरू असलेल्या अर्ध्या फेऱ्याचा मध्य तिथेच यायला हवा. कॉइल टेबलाच्या कडेशी उभी धरा, टोक कडेवर टेकवा आणि त्याची फक्त वरची बाजू खरवडा. दुसऱ्या टोकाचीही, कॉइल तशीच ठेवून, वरचीच. मी आडवी ठेवून खरवडल्याने प्रवाहाचा अर्धा काळ धक्क्यात आणि अर्धा विरोधात जात होता, म्हणजे बेरीज शून्य. आपल्या मुलीकडूनही बहुधा हेच झाले असावे. जुनी कॉइल फेकू नका; टोके चिमट्याने धरून पाव फेरा पिळलीत, एकाच बाजूने पाहता दोन्ही एकाच दिशेने, तरी काम भागते.

तरीही अडले तर टोके एका सरळ रेषेत आहेत का ते पाहा, कारण एका बाजूला जड असलेली कॉइल वर चढताना दम तोडते. आणि सेल सतत जोडून ठेवू नका. एवढ्याशा तारेचा रोध १ ओहमच्या एक दशांशाहूनही कमी भरतो, त्यामुळे कॉइल अडकून उभी राहिली तर ते जवळपास शॉर्ट सर्किटच असते आणि पिना बोटाला चटका देण्याइतक्या तापू शकतात. याच कारणाने मोबाइलची बॅटरी या प्रयोगाला कदापि वापरू नये.

सुरुवातीला बोटाने हलकी टिचकी द्यावी लागते. एका बाजूला ढकलून कॉइल मंदावत थांबली, तर बिघाड समजण्याआधी उलट बाजूने ढकलून पाहा: अशी मोटर एकाच दिशेने फिरते, आणि चुंबक पालथे केले की ती दिशा बदलते.