तणनाशकाची झळ बसलेले फळझाड तोडण्याची घाई करू नये

प्रश्न: बागेतील तणावर ग्लायफोसेट फवारताना काही तुषार मोसंबीच्या कोवळ्या झाडांवर उडाले. आता नवी पालवी पिवळी व अरुंद येत असून काही शेंडे वाळत आहेत. त्यावर कोणते औषध फवारावे?

उत्तर: झाडात शिरलेल्या ग्लायफोसेटवर उतारा नाही, त्यामुळे संजीवके किंवा टॉनिक यांवर खर्च करू नये. हे तणनाशक पानांतून व कोवळ्या हिरव्या सालीतून आत जाते आणि अन्नरसाबरोबर शेंड्यांकडे व मुळांकडे पोहोचते. तेथे वाढीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार होणे थांबते. म्हणूनच तुषार पडलेल्या जुन्या पानांपेक्षा नंतर फुटणाऱ्या पालवीवर परिणाम अधिक दिसतो आणि पानाची पात सुतळीसारखी बारीक होऊन एकाच जागी झुपका येतो. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकामध्ये मात्र थेंब पडला तेवढाच भाग करपतो व नवी फूट निरोगी येते, तर २,४-डी हे तणनाशक उडाल्यास कोवळे शेंडे पिळवटतात व पाने वाटीसारखी वळतात. आपण दिलेली लक्षणे ग्लायफोसेटशी जुळतात.

अशा वेळी झाडाला पुन्हा पाने धरता यावीत एवढीच मदत आपल्या हाती असते. आळ्यात ओल टिकवावी, परंतु पाणी साचू देऊ नये, कारण पाने कमी झालेले झाड पूर्वीइतके पाणी ओढत नाही. युरियाचा जादा हप्ता देऊ नये. या हंगामातील फळे लहान असतानाच काढून टाकावीत. ती खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरू नयेत. पाने गळून खोड उघडे पडले असल्यास उन्हाने साल तडकू नये म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट धरून राहते व मुळांवाटे सहसा शोषले जात नाही, त्यामुळे आळ्यातील माती बदलण्याची गरज नाही.

छाटणी लगेच करू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. किमान एक नवी पालवी येऊन पक्व होईपर्यंत थांबावे आणि मगच फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी: आत हिरवी व ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी व कोरडी असेल तर जिवंत भागापर्यंत कापून छेदावर बोर्डो पेस्ट लावावी. डोळा बांधलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्यावर मोसंबीचा डोळा बांधला त्या मूळ रोपाचे असतात. ते पाहून झाड सावरले असे समजू नये, ते कोवळे असतानाच हाताने काढावेत. डोळ्याच्या वरील भागात सर्वत्र साल वाळलेली आढळली, तरच नवीन रोप लावण्याचा विचार करावा.

यापुढे बुंध्याभोवतीचे तण खुरपूनच काढावे. ओळींमधील फवारणी वारा शांत असताना, नोझलला हूड (तुषार अडवणारे झाकण) लावून व कमी दाबाने करावी, आणि तणनाशकाचा पंप कीटकनाशक किंवा विद्राव्य खतांच्या फवारणीसाठी कधीही वापरू नये.